अनुराधाची लाल पट्टी

आषाढातल्या एका बुधवारी सकाळी अनुराधा वारली. तिच्या धाकट्या भावाचा, विकासचा, फोन आला तेव्हा मी कळंबला आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं कुलूप काढत होते. तो म्हणाला, “सुलूताई, अनुताई गेली.” मी विचारलं, “कुणी सांगितलं? आणि कधीचं?” पलीकडून तो रडायला लागला. हे दोन प्रश्न माझे नव्हते, तिचे होते. कुठलीही बातमी सांगा, मग ती पावसाची असो, लग्न मोडल्याची असो की एसटी बंद पडल्याची, अनुराधा आधी हेच विचारायची. लहानपणापासून ऐकून ऐकून ते माझ्याही तोंडात बसले होते आणि नेमके त्या वेळी बाहेर पडले. विकासनं हुंदके देत का होईना, पण नीट उत्तर दिलं. “म्या सोता बघितलं ताई. आत्ताचंच हाय. डॉक्टर म्हनले, हार्ट.”

आम्ही दोघी तेरच्या. एका बाकावर बसलो, एकाच नदीच्या काठानं शाळेत गेलो. मी पुस्तकांकडे वळले, ती संगणकाकडे. पुण्याच्या एका कंपनीत तिनं बरीच वर्षं काढली. एकच माहिती दूरदूरच्या यंत्रांवर ठेवायची, प्रत्येक ठिकाणी तिची प्रत असायची, आणि मधली लाइन तुटली तरी कुणाचं काम अडायचं नाही आणि शेवटी सगळ्या प्रती एकमेकींशी जुळायच्या, असं तिचं काम होतं. मला ते समजावं म्हणून ती फार धडपडायची. “सुले, तुझी पुस्तकं बरी,” ती म्हणायची. “एकदा छापलं की छापलं. उद्या सकाळी कुणी येऊन पान बदलत नाही.” मी म्हणायची, आमच्याकडेही सुधारित आवृत्त्या निघतातच की. त्यावर ती हात उडवून म्हणायची, “पण म्हणून जुनी आवृत्ती कुणी जाळत नाही ना!” हे वाक्य मला गेले काही आठवडे फार आठवतं आहे. का, ते पुढे येईलच.

पुण्याहून ती परत आली ती एका संस्थेच्या कामासाठी. संस्थेचं नाव मी इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की चर्चा नावाची होते आणि कृत्य बाजूला पडतं. काम असं होतं की आपल्याकडची जी कुटुंबं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, सातारा-सांगलीकडे, कुणी सीमेपलीकडे कर्नाटकात, त्यांच्या आजारपणाच्या नोंदी गावाबरोबर फडावरही मिळाव्यात. गावात बाईला रक्त कमी म्हणून गोळ्या सुरू झाल्या, तर तिकडच्या डॉक्टरला ते दिसावं. तिकडे पोराला लस दिली, तर इथल्या सिस्टरला कळावं. प्रत्येक माणसाचं एक पान, आणि त्या पानाची प्रत गावातही, फडाजवळच्या दवाखान्यातही. दोन्हीकडे इंटरनेटच्या लाइनचा पत्ता नाही. कधी दुपारी येते, कधी आठवडा आठवडा येत नाही. अनुराधाला हे काम म्हणजे जणू तिच्यासाठीच कुणी राखून ठेवलं होतं असं वाटलं. पगार निम्म्याहून कमी झाला, त्याचं तिला काही नव्हतं. तिनं धाराशिवला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, एक जुनी स्कूटर घेतली आणि आमच्या जिल्ह्यातले खड्डे पाठ केले.

यातला खरा पेच तिनं मला आमच्या ग्रंथालयातच समजावून सांगितला होता. लाइन बंद असताना गावातल्या सिस्टरनं पानावर काही लिहिलं आणि त्याच वेळी फडावरच्या डॉक्टरनंही त्याच पानावर काही लिहिलं, तर लाइन आल्यावर खरं पान कुठलं? मी म्हटलं, जे नंतर लिहिलं ते. अनुराधा खदाखदा हसली. “सगळे हेच म्हणतात. अगं, नंतर म्हणजे कुणाच्या घड्याळात नंतर? परवा एका दवाखान्यातला संगणक उघडला, तर त्यात अजून गेल्या वर्षीची दिवाळी चालू होती! आणि समजा घड्याळ बरोबर आहे. म्हणून काय झालं? मागून बोलणारा खरं बोलतो, असं कुणी सांगितलं?”

मग तिनं घरातल्या एका गोष्टीची आठवण करून दिली. तिचे वडील, अण्णा, आणि काका वेगळे निघाले तेव्हा देवांचेही दोन संच झाले. कुलदैवत सोनारीचा काळभैरव. सोनाराकडून त्याचा दुसरा चांदीचा टाक घडवला, पहिल्यासारखाच, आणि तो काकांच्या देव्हाऱ्यात गेला. दरवर्षी चैत्रातल्या जत्रेआधी दोन्ही घरचे देव एका परातीत चिंच लावून उजळायचे आणि मग सोनारीला भेटीला न्यायचे, ही त्यांच्या घरची रीत. एका वर्षी परातीत दोन्ही काळभैरव एकमेकांत मिसळले. कुणाचा कोणता ते कळेना. दोन्ही जावांची जुंपली. तेव्हा काकूंनी ऐकवलं होतं, “तुमचा झिजल्याला हुता, आमचा कसा खणखणीत!” आणि अनुराधाच्या आईनं तितक्याच ठसक्यात, “व्हय, पुजायला कुनाला येळ हाय तुमच्याकडं, झिजंल कशानं!” काकांनी शेवटी तोडगा काढला, एक वितळवून नवा करू, म्हणजे वादच मिटला. अण्णांनी तेवढ्यापुरता आवाज चढवला. “वितळवायचा न्हाय. दोन्हीतला एक बी मोडायचा न्हाय. औंदा दोन्ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, पुढल्या साली आमच्याकडं. ओळखणारं मानूस ओळखंल कवातरी.” आणि तसंच झालं. एकदा पुसताना टाकाच्या मागच्या लाखेतल्या जुन्या खाचेवर काकूंचा अंगठा फिरला आणि त्यांनी आपला टाक ओळखला. दोन्ही टाक आपापल्या घरी गेले. अनुराधा म्हणाली, “अण्णांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला कॉलेजात चार वर्षं जे शिकवलं, त्यातलं अर्धं त्यांनी त्या परातीपाशी सांगितलं होतं.”

तिनं बांधलेली व्यवस्था तशीच होती. सिस्टरनं पानावर फोन नंबर बदलला आणि डॉक्टरनं औषध लिहिलं, तर दोन्ही राहायचं, कारण त्यात भांडणच नाही. पण एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं निघालं, तर यंत्रानं निकाल द्यायचा नाही. पानाच्या डोक्यावर लाल पट्टी यायची. तिच्यावर साधं मराठी वाक्य होतं, तिनंच लिहिलेलं: ‘इथे दोन नोंदी आहेत. दोन्ही वाचा आणि समोरच्या माणसाला विचारा.’ एवढंच. या वाक्यासाठी तिनं माझं डोकं खाल्लं होतं. ‘रुग्णाला’ की ‘माणसाला’, यावर आम्ही दोन कप चहा संपवले. मी ‘रुग्णाला’ म्हणत होते, ते अधिक रीतसर वाटतं म्हणून. ती ऐकेना. “रुग्ण म्हटलं की लोक विचारायचं सोडून तपासायला लागतात,” ती म्हणाली.

ही पट्टी संस्थेतल्या वरिष्ठांना खुपली. कशामुळे? ती चुकीची होती म्हणून नाही. ती दिसत होती म्हणून. देणगीदारांपुढे, पाहुण्यांपुढे पडद्यावर पानं उघडली की मधूनच लाल दिसायचं. प्रकल्पाचे प्रमुख तिला म्हणाले होते, “मॅडम, हे किती लाल दिसतंय! आपलीच व्यवस्था आपणच सांगतोय की आम्हाला माहीत नाही. हे बरं दिसतं का?” अनुराधा म्हणाली, “साहेब, माहीत नाहीच आहे, तर काय दिसावं?” हा संवाद तिनं मला फोनवर दोन्ही आवाजांत करून दाखवला होता आणि आम्ही हसलो होतो... तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं. मग बैठका झाल्या. तिला सांगण्यात आलं की नियम सोपा करा, जे शेवटी लिहिलं ते खरं, पूर्ण पानच्या पान. तिनं नकार दिला. तोंडी दिला, भर बैठकीत सगळ्यांसमक्ष दिला, का चुकतंय ते उदाहरणं देऊन सांगितलं. त्यांनी ते काम बाहेरच्या दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं. लाल पट्टी गेली. पडदे स्वच्छ झाले. अनुराधानं संस्था सोडली आणि धाराशिवच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागली.

आता मंगलची गोष्ट. मंगल परांडा तालुक्यातली, नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाणारी. पट्टी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सीमेपलीकडच्या फडावर तिला ताप आला, तिथल्या डॉक्टरनं पेनिसिलिनची सुई दिली आणि ती घटकाभरात सुजली, घुसमटली. डॉक्टर सावध होते, त्यांनी तिला सावरलं आणि तिच्या पानावर लिहिलं की हिला हे औषध चालत नाही. बरोबर जे करायला हवं तेच केलं. काही दिवसांनी इकडे गावात मंगलच्या सासूनं सुनेचा नवा फोन नंबर सांगितला, म्हणून सिस्टरनं आपल्याकडच्या प्रतीत नंबर बदलला. तिनंही बरोबर तेच केलं. लाइन आली. दोन्ही पानं भेटली. सिस्टरचं पान नंतरचं. पूर्ण पानच्या पान तेच खरं ठरलं. नवा नंबर राहिला आणि डॉक्टरची ओळ पुसली गेली. कुणाच्याही नकळत, काही न वाजता, काही लाल न होता. अनुराधाच्या व्यवस्थेत दोन्ही राहिलं असतं. पट्टीचीसुद्धा गरज पडली नसती.

फाल्गुनात टोळी परतली. मंगलच्या पायाला कोयता लागला होता, ती जखम चिघळली. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला नेलं. मंगलनं मला हे स्वतः सांगितलं आहे, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते. “म्या सांगितलं व्हतं की मला सुई सोसत न्हाय. त्यांनी कॉम्पुटर उघडला. म्हनले, तसं काय दिसत न्हाय हितं, घाबरू नका. मला बी वाटलं, त्यांच्याकडं न्हाय तर मंग माझंच काय चुकत आसंल.”

माझंच काही चुकत असेल. मी हे वाक्य पुन्हा लिहिते आहे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून मोठा गुन्हा नाही. जिचा श्वास कोंडला होता, जिनं मरण डोळ्यांनी पाहिलं होतं, तिला तिच्याच शरीराबद्दल शंका यायला लावली. कशानं? स्वच्छ दिसणाऱ्या एका पडद्यानं. ‘समोरच्या माणसाला विचारा’ एवढं सांगणारं वाक्य काढून टाकलं, आणि मग समोरचा माणूस न विचारता स्वतःहून सांगत होता तरी त्याचं ऐकायला कुणी उरलं नाही. सुई दिली गेली आणि मंगल पुन्हा घुसमटली, पण वाचली. तिला धाराशिवला आणलं, बरेच दिवस ठेवावं लागलं. वाचली म्हणून प्रकरण संस्थेच्या एका चौकशीपलीकडे गेलं नाही. आपल्याकडे माणूस वाचलं की चूकही माफ झाली असं धरतात.

अनुराधाला हे जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं तेव्हा ती तडक दवाखान्यात गेली. त्या दिवसांत मीही तिच्याकडे मुक्कामाला होते. ती काम सोडून गेलेली, या प्रकाराशी तिचा काडीचा संबंध उरला नव्हता. तरी ती रोज संध्याकाळी मंगलच्या खाटेपाशी जाऊन बसायची, तिला डबा न्यायची आणि पान कसं पुसलं गेलं ते तिला समजावून सांगायची. मी एकदा म्हटलं, तिला हे सांगून काय उपयोग? अनुराधा चिडली. “पान तिचं आहे, सुले. तिलाच सांगायचं नाही तर कुणाला?” मंगल मात्र सगळं ऐकून घ्यायची आणि एका वाक्यात बाजूला सारायची. “बाई, मला येवडंच सांगा, आता पुन्यांदा पुसणार न्हाय न्हवं?” त्यावर अनुराधा डबा आवरायला लागायची. बोलघेवडी होती, पण जे माहीत नाही त्याचा शब्द तिनं कधी दिला नाही.

मंगलला घरी सोडलं त्या दिवशी जत्रा तोंडावर होती. अनुराधानं तिचा डावा हात ओढला, पर्समधलं पेन काढलं आणि मनगटाच्या वर लिहिलं: ‘पेनिसिलिन चालत नाही.’ म्हणाली, “घरी जाईपर्यंत तरी हे राहू दे. मग कुणाकडून तरी चांगल्या कागदावर लिहून घे आणि जवळ ठेव.” अनुराधाचं अक्षर मोठं आणि गोल, ‘ल’ तर असा की पोट सुटल्यासारखा दिसायचा. शाळेत गुरुजी त्यावरून चिडवायचे. मंगल हात वर करून म्हणाली, “माज्या नवऱ्याचं नाव बी येवडं मोठं न्हाय गोंदलेलं!” सगळ्या वॉर्डात हशा झाला. त्या दोघींची ती शेवटची गाठ.

मग आषाढ आला. मी वर लिहिलंच आहे.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याच संस्थेनं धाराशिवला शोकसभा घेतली. विकास म्हणाला, “ताई, तुमी चला, मला येकट्याला जाववत न्हाय.” म्हणून मी गेले. तिचा फोटो होता, हार होता, समई होती. ज्यांनी तिला संस्थेतून घालवलं ते पुढच्या रांगेत होते. प्रमुखांनी भाषण केलं. त्यांना भाषण चांगलं येतं. तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, तिच्या स्कूटरचं केलं, मातीशी नातं वगैरे सगळं आलं. आणि मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “मध्यंतरी एक दुर्दैवी प्रकार घडला. मूळ रचनेत काही उणिवा राहून गेल्या होत्या. पण आज ती आपल्यात नाही. तिला दोष देणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. आम्ही ते विसरलो आहोत.”

टाळ्या पडल्या नाहीत, शोकसभा होती म्हणून. पण माना हलल्या. बाजूला बसलेल्या बाई हळहळून म्हणाल्या, “किती मोठं मन आहे साहेबांचं.”

मी चारचौघांत बोलणारी नाही. ग्रंथालयातसुद्धा मुलांना गप्प बसवायला मी टेबलावर बोटं वाजवते, ओरडत नाही. पण मी उभी राहिले. मी विचारलं, “साहेब, लाल पट्टी कुणी काढली?” ते माझ्याकडे अत्यंत मायेनं बघत म्हणाले, “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण ही ती वेळ नाही.” आणि निवेदकानं पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

ती वेळ नाही. मग कोणती? जिवंत होती तेव्हा बैठकीत ती वेळ नव्हती, कारण पाहुणे येणार होते. मंगल खाटेवर होती तेव्हा ती वेळ नव्हती, कारण चौकशी चालू होती. आता ती गेली, आता तर तिला माफ करण्याची वेळ आहे! जे तिनं केलं नाही, जे होऊ नये म्हणून ती भांडली, त्याची माफी. दोष दिला असता तर निदान प्रतिवाद करता आला असता. माफीला काय उत्तर देणार? तिथं बसल्या बसल्या मला कळलं की त्यांनी अनुराधाच्या बाबतीतही तोच नियम लावला आहे. जो शेवटी लिहील तो खरा. ती आता काही लिहू शकत नाही. त्यांच्याकडे माइक आहे, वार्षिक अहवाल आहे, पुढचं वर्ष आहे, त्याच्या पुढचंही आहे. तिच्या पानावर ते पुन्हा पुन्हा लिहू शकतात आणि प्रत्येक वेळी त्यांचंच पान नंतरचं असेल.

म्हणून हा लेख. मला त्यांचं पान पुसायचं नाही. अण्णांच्या शिकवणीत ते बसत नाही. त्यांचं म्हणणं राहू द्या, शोकसभेच्या बातमीत छापलेलं आहेच ते. पण ही दुसरी नोंद आहे, आणि ती त्याच्या शेजारी राहिली पाहिजे. लाल पट्टी अनुराधानं घातली. ती काढायला तिनं नकार दिला. तिनं नकार दिल्यावर ती काढली गेली. त्या बैठकीला हजर असलेली माणसं याच जिल्ह्यात राहतात, पेपर वाचतात. दोन्ही नोंदी वाचा आणि त्यांना विचारा.

सभा संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर मंगल उभी होती. परांड्याहून दोन गाड्या बदलून आली होती. आत का आली नाहीस म्हटलं, तर म्हणाली, “आत लई मोठी मानसं व्हती. बाईंचा फोटू दारातनंच बघितला.” मग तिनं डाव्या हातावरचा पदर सारला. मनगटाच्या वर हिरवट निळ्या रंगात अक्षरं होती. दवाखान्यातून सुटल्यावर जत्रेपर्यंत तिनं त्या हाताला पाणी लागू दिलं नव्हतं. प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ करत होती. सोनारीच्या जत्रेत गोंदणाऱ्यापुढं तिनं हात धरला आणि सांगितलं, हे हाय तसंच गिरव, तुजं अक्षर नको. तो म्हणाला होता, बाई, लोक देवाचं नाव काढत्यात, तुमी औषधाचं काढायलाव! मंगलनं त्याला काय उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही. मला ती म्हणाली, “आता कोन पुसतंय बगू. बाईंनला दावायचं ऱ्हाऊन गेलं तेवडं.”

मी तिचा हात हातात घेऊन वाचला. ‘ल’चं पोट सुटलेलं होतं, अगदी शाळेत असायचं तसं.

संस्थेच्या पडद्यांवर लाल पट्टी अजून परत आलेली नाही. धाराशिवच्या दोन खोल्या विकासनं रिकाम्या करून दिल्या. अनुराधाचं अक्षर मंगलच्या डाव्या हातावर आहे.